टटलचे पंचवीस हात

सुई आत गेली आणि रबरी हातातून लाल सरबताची चिळकांडी उडाली ती थेट शेरीफच्या पांढऱ्या टोपीवर.

वर्गात कुणी हसलं नाही. हसू सगळ्यांनाच आलं होतं, पण शेरीफ ग्रेडी पॉट्सची ती टोपी फक्त निवडणुकीला आणि मयतीला बाहेर निघायची, आणि आज पेपरवाला फोटो काढायला येणार म्हणून तो ती मुद्दाम घालून आला होता. सरबत चेरीचं होतं. शिकवायला दिलेला लाल रंग पहिल्या दोन दिवसांतच संपला, तेव्हा मार्गोबाईंनी किराणा दुकानातून सरबताची पुडी आणून पाण्यात कालवली, साखरेसकट. त्यामुळं त्या रबरी हाताच्या शिरांमधून आता मुंग्यांची ये-जा चालू होती.

"शीर होती का नळ होता रे, टटल?" शेरीफनं टोपी काढून बघितली.

"शीरच होती साहेब," ऑर्विल टटल म्हणाला. "मी जरा जोरात विचारपूस केली."

मार्गो पिकरेल, म्हणजे मार्गोबाई, इस्पितळात जन्मभर लोकांचं रक्त काढून निवृत्त झालेल्या. त्यांनी ऑर्विलच्या हातातली सुई काढून घेतली. "हे रक्त काढणं आहे, भाऊ. चोराच्या घरात दार तोडून घुसणं नाही. विचारून जायचं असतं."

शेरीफनं टोपी पुसत पुन्हा तेच भाषण केलं, जे तो रोज करत होता. बिटर टँक गावापासून इस्पितळ दीड तासावर. माणूस पिऊन गाडी चालवताना सापडतो तेव्हा त्याला स्वतःचं नाव सांगता येत नाही, आणि इस्पितळात पोचेपर्यंत तो इतका शुद्धीवर येतो की वाटेत पोलिसांनाच रस्ता दाखवतो. पुरावा वाळवंटात वाफ होऊन जातो. म्हणून रक्त जागच्या जागी काढायचं, पोलिसांनीच काढायचं. सगळ्या ॲरिझोनात पोलीस काढतात, मग आपलेच काय हात मोडलेत?

"ज्याला जमेल तो हायवेवर राहील," शेरीफ म्हणाला. "ज्याला जमणार नाही तो कोर्टाच्या दारात. समजलं ना, टटल?"

ऑर्विलला समजलं होतं. कोर्टाच्या दारात एक लोखंडी कमान होती. तिच्याशेजारी उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला पट्टा काढ, चिल्लर काढ, म्हणत दिवस काढायचा. तिथं कुणी बोलत नाही. लोकांचं सगळं लक्ष आपली पँट सांभाळण्यात.

आणि हायवेवर? हायवेवर माणूस थांबतोच. थांबवल्यावर जाणार कुठं? ऑर्विल गाडीची काच खाली करायला लावायचा, परवाना हातात घ्यायचा, आणि मग विचारायचा, कुठून आलात, कुठं निघालात, मागच्या सीटवर एवढी कलिंगडं कुणासाठी? पावती तो इतकी सावकाश लिहायचा की तेवढ्यात समोरच्याच्या तीन पिढ्या कळायच्या. गावात लोक म्हणायचे, दंड परवडला, पण टटलच्या गप्पा आवरा. तरी बोलायचे. पावतीचा कागद त्याच्या हातात असेपर्यंत तर बोलावंच लागायचं.

घरी बोलायला कुणी नव्हतं. बायको बहिणीकडे चार दिवस म्हणून गेली. पुढं बहीण फ्लोरिडाला राहायला गेली, तर ही पण तिच्याबरोबर गेली. भांडण वगैरे काही झालं नाही. झालं असतं तर निदान फोन तरी झाले असते.

*

मग एकमेकांच्या हातावर सराव सुरू झाला, आणि ड्राय फोर्क काउंटीच्या पोलीस खात्याची पार अब्रू गेली. सहा-सहा फुटांचे गडी, बंदुकीला न भिणारे, सुईचं टोपण निघालं की पांढरे पडायचे. एक जण खुर्चीवरून पडला तो दुसऱ्याला घेऊन पडला. ज्याच्या हातात सुई होती तो त्यांना बघून पडला. मार्गोबाईंनी सरळ जमिनीवर गाद्या अंथरल्या आणि म्हणाल्या, आता आडवे होऊनच शिका, म्हणजे पडायला जागा राहणार नाही.

ऑर्विलचा जोडीदार डेनी ओकॅम्पो, खात्यात नवा, तोंडानं फटकळ. त्याच्या हातावर ऑर्विलनं रबरी पट्टा बांधला आणि डोळे बारीक करून शीर शोधायला लागला.

"डोळे मिटा," मार्गोबाई मागून म्हणाल्या.

"मिटू? आणि सुई?"

"सुई खाली ठेवा. शीर दिसत नसते, बोटाला लागते. दाबलं की उसळते, भिजलेल्या दोरीसारखी. बघा."

ऑर्विलनं डोळे मिटले. कोपराच्या आतल्या बाजूला, मऊ कातड्याखाली, बोटाखाली काहीतरी उसळलं. त्यानं बोट उचललं, परत टेकवलं. परत उसळलं. ऊन लागलेल्या दगडासारखी ती जागा गरम होती. किती तरी दिवसांत त्यानं कुणाच्या हाताला हात लावला नव्हता. बेड्या घालताना लावतात तो सोडून.

"काका," डेनी म्हणाला.

"हं."

"सापडली ना?"

"सापडली."

"मग सोडा आता. माझं लग्न ठरलंय."

सगळे आडवे पडल्या पडल्या हसले. ऑर्विलही हसला आणि त्यानं सुई उचलली. एका दमात गेली. काचेच्या नळीत रक्त चढायला लागलं, गडद, शांत. मार्गोबाईंनी वाकून बघितलं आणि काहीच बोलल्या नाहीत. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी कुणाला मिळाली नव्हती.

पण खरी अडचण पुढं होती. प्रमाणपत्र मिळायला पंचवीस जिवंत माणसांचं रक्त काढून दाखवायचं होतं, आणि ती माणसं खात्याबाहेरची हवीत. पोलीस धरायचे नाहीत, कारण पोलीस उभे राहत नाहीत.

डेनीनं हे सांगायला आईला फोन केला आणि रविवारी दुपारी त्यांच्या अंगणात पंचवीस काय, चाळीस हात गोळा झाले. मावश्या, माम्या, चुलते, चुलत्यांचे जावई. कोळशावर मांस भाजत होतं, रेडिओ लावला होता, आणि एकेक जण बाही वर करून येत होता. संध्याकाळपर्यंत डेनी पास.

"एखादी मावशी मला उसनी दे ना," ऑर्विल म्हणाला.

"देतो की. लुपेमावशी राहिलीय बघा. या मावशी, हे आमचे टटलकाका."

लुपेमावशीनं ऑर्विलला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "हाच ना तो? माझ्या नातीच्या बारशाला उशीर केलास तू. वेग वीस मैल जास्त म्हणून पावती फाडलीस ती फाडलीस, वर तासभर विचारत बसलास की केकवर मलई कुठली आहे."

"चांगली मलई होती, बाई."

"तुला काय माहीत? खाल्लीस?"

"तुम्हीच दिलीत बोटभर."

"आता रक्त नाही मिळायचं," मावशी म्हणाली आणि बाही खाली ओढून घेतली.

हीच गोष्ट सगळ्या गावात झाली. ऑर्विल धान्याच्या दुकानाबाहेर टेबल टाकून बसला, नळ्या मांडल्या, कापूस मांडला, लोकांना खायला बिस्किटं ठेवली. एका म्हातारीनं बिस्किटं खाल्ली आणि हात दिला नाही. एक कुत्रा बराच वेळ बसला. बाकी माणसं रस्ता ओलांडून पलीकडून जायची. ज्याला त्याला ऑर्विलनं कधी ना कधी पावती दिलेली. आणि वर गावात कुणीतरी कंडी पिकवली होती की हे रक्त सरावाला वगैरे काही नाही, थेट प्रयोगशाळेत जातं. काल रात्रीची बिअर त्यात सापडली की परवा घरी समन्स.

"नळ्या तपासत नाहीत हो," ऑर्विल प्रत्येकाला सांगायचा. "इथंच त्या पिवळ्या डब्यात टाकून देतात, आणि डबा जाळतात."

"पोलीस असंच म्हणणार," लोक म्हणायचे.

मार्गोबाईंनी मुदत दिली होती महिनाअखेरपर्यंत. शेरीफनं कोर्टाच्या दारासाठी ऑर्विलच्या मापाचं जाकीट मागवून ठेवलं होतं, आणि त्याला दिसावं म्हणून तो ते खुर्चीच्या पाठीवर टांगून ठेवायचा.

*

शेवटच्या शनिवारी बंबवाल्यांचा पॅनकेकचा नाश्ता होता. दर वर्षी आगीचा बंब बाहेर काढून त्याच्या जागेत टेबलं लावतात आणि सगळं गाव येऊन पाकात भिजलेले पॅनकेक खातं. ऑर्विलला कोपऱ्यात, होजपाइपांच्या भेंडोळ्याखाली जागा मिळाली. मार्गोबाई शेजारी खुर्ची टाकून विणकाम करत बसल्या, परीक्षक म्हणून. पहिला तासभर कुणी फिरकलं नाही.

मग बर्निस प्रुइटबाईंनी ताट खाली ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात नवऱ्याला विचारलं, "वॉल्डो, तू का नाही जात तिकडे?"

वॉल्डो प्रुइट, कुंपणं बांधून देणारा, गरीब माणूस. त्याच्या तोंडात घास होता. "कशाला?"

"घाबरायचं काय एवढं? ज्याच्या मनात काही नाही तो देतो हात."

पुढच्या टेबलावरच्या बाईनं आपल्या नवऱ्याकडे बघितलं. त्या नवऱ्यानं पॅनकेककडे बघितलं. आणि एका क्षणात सगळ्या गावाला उमगलं की आत्तापर्यंत हात देणं धोक्याचं होतं, पण आता न देणं त्याहून धोक्याचं झालंय.

वॉल्डो उठला. त्याच्यामागं आणखी चौघे उठले. मग महापौर उठला, कारण बसून राहणं त्याला परवडण्यासारखं नव्हतं. बारचा मालक उठला, म्हणाला, मी स्वतः पीत नाही, फक्त विकतो, लिहून घ्या. पाद्री उठला तेव्हा जे उरले होते तेही उठले. रांग बंबाला वळसा घालून रस्त्यावर गेली.

ऑर्विलच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला दिवस. माणूस समोर बसायचा, हात टेबलावर ठेवायचा. ऑर्विल पट्टा बांधायचा, डोळे मिटायचा, शीर शोधायचा. आणि त्या वेळात माणूस बोलायचा, आपणहून. परवानासुद्धा मागावा लागत नव्हता.

"गुरुवारचं दिसेल का रे यात?" वॉल्डोनं खाली वाकून हळूच विचारलं.

"काहीच दिसत नाही, वॉल्डो. टाकून देतात हे."

"गुरुवारी दोनच घेतल्या मी. गाडीतच बसून. घरी जावंसं वाटत नव्हतं म्हणून बसलो. प्यायला नाही, बसायला बसलो."

"मूठ आवळ."

"घरात गेलं की ती बोलते. ती बोलली की मी नुसता बसतो. मग गाडीत बसलेलं काय वाईट?"

"आता मूठ सोड. झालं. कापूस दाबून धर."

सगळ्यांनी सांगितलं. तपासणार नाही म्हटलं तरी सांगितलं. उलट त्यामुळं जास्तच सांगितलं, कारण कुणाचाही त्याच्यावर विश्वास नव्हता आणि प्रत्येकाला आपली बाजू आधी मांडून ठेवायची होती. महापौरानं धरणाच्या कंत्राटाबद्दल सांगितलं, ज्याचा रक्ताशी काही संबंध नव्हता. बारवाल्यानं कुणाकुणाच्या बिअरमध्ये पाणी घालतो ते सांगितलं. पाद्र्यानं एवढंच सांगितलं की त्याला सुईची भीती वाटते, आणि ते सिद्ध करून दाखवलं. मागं झुकला तो थेट पाकाच्या पातेल्यात. पातेल्यातून काढेपर्यंत ऑर्विल त्याचा हात धरून होता, त्यामुळं नळी मात्र भरली.

"मोजली जाईल का ही?" त्यानं मार्गोबाईंना विचारलं.

"जिवंत आहे ना?" विणकामातून मान वर न करता त्या म्हणाल्या. "मग मोजा."

पंचविसावा हात झाला तेव्हा रांग अजून संपली नव्हती. नियमानं तो थांबू शकत होता. त्यानं पुढच्याला हाक मारली. मग त्याच्या पुढच्याला. शेवटी नळ्या संपल्या, तरी तो एका म्हाताऱ्याच्या कोपरावर बोट ठेवून त्याच्या गुडघेदुखीची हकिगत ऐकत होता.

मार्गोबाईंनी सुया आवरल्या. प्रमाणपत्रावर सही केली आणि कागद त्याच्यासमोर ठेवला. पण लगेच उठल्या नाहीत.

"तुमचा हात चांगला आहे, टटल," त्या म्हणाल्या. "मी शिकवलेल्यांत सगळ्यात हलका. पण एक सांगते. शीर सापडली की काम उरकायचं. तिथं मुक्काम करायचा नसतो."

"हो बाई."

"मी पण करायची, सुरुवातीला," त्या म्हणाल्या आणि लोकरीचा गुंडा पिशवीत टाकला.

*

शेरीफनं ऑर्विलच्या गाडीच्या दोन्ही दारांवर रक्ताचा लाल थेंब रंगवून घेतला, हातभर उंचीचा. लांबून बघणाऱ्याला वाटायचं की केचपची गाडी आली. पेपरात फोटो आला, नवीन टोपीसकट. जाकीट खुर्चीवरून निघून गेलं. हायवे ऑर्विलचा राहिला.

पहिल्या दिवशी त्यानं ज्याला थांबवलं त्यानं काच दोन बोटं उघडली, फटीतून परवाना दिला आणि समोर बघत राहिला.

"कुठं निघालात?" ऑर्विलनं विचारलं.

"पुढं."

"बायकामुलं बरी आहेत?"

"पावती द्या, साहेब."

बाहेरगावची माणसं थेंबाला भ्यायची. गावची माणसं वेगळ्याच कारणानं बोलेनाशी झाली. शनिवारी त्यांनी सगळं सांगून टाकलं होतं, आणि आता सोमवार होता. महापौर समोरून आला की रेडिओची बटणं फिरवत जायचा. बारवाल्यानं कॉफीचे पैसे घेतले नाहीत, पण कपही भरून दिला नाही. ऑर्विलला ज्यांचं ज्यांचं माहीत होतं ते सगळे त्याच्याशी असे वागायला लागले जसं त्यानं त्यांना आंघोळ करताना बघितलं होतं. लुपेमावशीनं रक्त दिलं नव्हतं. गावात अजून मोकळेपणानं शिव्या घालणारी ती एकटीच उरली होती, आणि तिची गाडी बंद पडली होती.

वारा सुटलेल्या एका दुपारी एक जुना पिकअप हळूहळू जाताना दिसला. मागं एक गादी बांधली होती आणि दोरीचं टोक सुटून फडफडत होतं. ऑर्विलनं गाडीवरचा दिवा लावला. पिकअप थांबला.

जवळ जाताना त्यानं बघितलं. गादी एकाच माणसापुरती होती. शेजारी एक तवा, एक उशी, कुंपणाच्या हत्यारांचा डबा. पुढच्या सीटवर टेबलावरचा दिवा उभा करून त्याला सीटबेल्ट लावलेला.

काच पूर्ण खाली होती. खिडकीतून एक हात बाहेर आला होता, बाही कोपराच्या वर गुंडाळलेली, तळवा वर. वॉल्डो प्रुइट तोंड दुसरीकडे करून बसला होता.

"वॉल्डो," ऑर्विल म्हणाला.

"घे."

"काय घेऊ?"

"काय घ्यायचं ते घे आणि जाऊ दे. काही नाही त्यात. कालपासून काही नाही."

रक्त घ्यायचं तर आधी तसं कारण लागतं, आणि मग फोनवर न्यायाधीशाची परवानगी लागते. गाडीत वास होता तो फक्त थंड झालेल्या कॉफीचा. ऑर्विलला एवढंच सांगायचं होतं की गादीची दोरी सुटलीय. पण ते सांगितलं की संपलं. दोरी बांधायला कितीसा वेळ लागणार? वॉल्डो हो म्हणेल, काच वर करेल, जाईल. बाजूनं एक मोठा ट्रक गेला आणि दोन्ही गाड्या हलल्या. वॉल्डोनं हात आत घेतला नाही.

ऑर्विलनं बोट त्याच्या कोपराच्या आत ठेवलं. शीर जाड होती, कुंपणवाल्याची, आंधळ्यालाही सापडेल अशी. बोटाखाली ती उसळत होती.

त्यानं डोळे मिटले.

"थांब जरा," तो म्हणाला. "सापडत नाहीये."

वॉल्डोनं इंजिन बंद केलं.

"सावकाश बघ," तो म्हणाला.